खडकीच्या लाइनी

‘लाइन’ हा इंग्रजी शब्द मराठीत एकदा आला आणि राहिला, असं आपण धरून चालतो. खरं तर तो निदान पाच वेळा आला. फौजेबरोबर आला तेव्हा त्याचा अर्थ होता शिपायांच्या घरांची रांग. रेल्वेबरोबर आला तेव्हा लोखंडी रूळ. तारायंत्र आणि विजेबरोबर आला तेव्हा तार. कारखान्यात माल पुढे सरकवणारा पट्टा आणि त्याच्या कडेनं उभी असलेली माणसं म्हणजे लाइन. बांधकामावर लाइन म्हणजे दोरी. प्रत्येक वेळी तो आणणारी माणसं वेगळी होती, काम वेगळं होतं आणि शब्द त्या कामासकट उचलला गेला. इंग्रजी शिकलेल्या मंडळींनी तो कोशातून काढून मराठीच्या हातावर ठेवलेला नाही.

या पाचही वाटा एका ठिकाणी पाहायच्या तर खडकी गाठावी. पुणे शहराच्या उत्तर अंगाला, मुळा नदीकाठी वसलेलं हे गाव. इंग्रज याला किर्की म्हणत. जुन्या पाट्यांवर आणि फौजेच्या कागदांवर ते रूप अजून भेटतं. इथे कॅन्टोन्मेंट आहे, बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलाचं केंद्र आहे, 1869 मध्ये सुरू झालेला दारूगोळ्याचा कारखाना आहे, मुंबई-पुणे लोहमार्गावरचं स्टेशन आहे, जुना मुंबई-पुणे रस्ता आहे आणि त्यावरून आता मेट्रो धावते. एवढं सगळं चालत फिरता येईल अशा टापूत. खडकी बाजारात तासभर उभं राहिलं, तर ‘लाइन’ पाचही अर्थांनी कानावर पडतो आणि बोलणाऱ्याला किंवा ऐकणाऱ्याला क्षणभरही अडखळायला होत नाही.

खडकीहून होळकर पुलावरून मुळा ओलांडली की येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेजचं आवार लागतं. तिथे 1948 साली संस्कृतचा एक प्रचंड कोश हाती घेतला गेला. त्याचं काम अजून चालू आहे. शब्दाचे अर्थ सोयीनुसार एकाखाली एक न मांडता ते कोणत्या काळच्या ग्रंथात कसे दिसतात, त्या क्रमानं मांडायचे, ही त्या कोशाची पद्धत. या पद्धतीत शब्दाचं वय कळतं, त्याचा प्रवास कळतो. ‘लाइन’सारख्या रोजच्या शब्दालाही तीच लावून पाहिली पाहिजे, कारण साध्या इंग्रजी-मराठी कोशात त्याच्यापुढे रेघ, रेषा, ओळ, रांग, दोरी, मार्ग असे अर्थ एका दमात दिलेले असतात आणि ते सगळे सारखेच मराठीत उतरले असावेत असा समज होतो. तसं झालेलं नाही. काही उतरले, काहींना मराठीनं दारातूनच परत पाठवलं. कोणते उतरले आणि कोणते नाहीत, हीच या शब्दाची खरी गोष्ट आहे.

मुळापासून सुरुवात करायची तर जवसाच्या शेतातून करावी लागेल. लॅटिन भाषेत जवसाला ‘लिनुम’ म्हणत. जवसाच्या खोडापासून निघणाऱ्या धाग्याचं कापड ते लिनन. त्याच धाग्याची दोरी ती ‘लिनेआ’, आणि तिच्यावरून इंग्रजीतला ‘लाइन’. विदर्भ-मराठवाड्यात भाकरीबरोबर ज्याची चटणी होते त्या जवसाशी या शब्दाचं इतकं जवळचं नातं आहे. ताणलेली दोरी सरळ असते, म्हणून सरळ ते सगळं लाइन झालं.

आपल्याकडे हाच प्रवास ‘सूत्र’ या शब्दानं फार आधी केला होता. सूत्र म्हणजे धागा. त्यापासून नियम झाला, गणिताचं सूत्र झालं, नाटकाचा सूत्रधार झाला. सुतार हा शब्दही तिथूनच आला. सुताराच्या मोजमापात ‘एक सूत’ म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि गवंडी भिंत ‘सुतात’ आहे की नाही ते बघतो. दोन माणसांचं सूत जुळतं तेही याच धाग्यानं. मराठीकडे स्वतःची दोरी अशी पूर्वीपासून होती. त्यामुळे इंग्रजीची दोरी आली ती रिकाम्या जागेवर आली नाही, हे पुढचं सगळं वाचताना लक्षात ठेवावं.

आता फौज. 5 नोव्हेंबर 1817 रोजी खडकी आणि गणेशखिंड यांच्यामधल्या माळावर पेशव्यांची आणि इंग्रजांची लढाई झाली. पेशव्यांकडून सेनापती बापू गोखले, इंग्रजांकडून कर्नल बर. रेसिडेंट एल्फिन्स्टन संगमावरची रेसिडेन्सी सोडून खडकीकडे निघून आला होता आणि मागे ती जळाली. इंग्रजी पायदळाची सगळी मदार लाइनवर होती. खांद्याला खांदा लावून उभी राहिलेली बंदूकवाल्या शिपायांची लांब ओळ तुटू द्यायची नाही, हा त्यांच्या कवायतीचा गाभा. त्या दिवशी देशी शिपायांची एक पलटण जोशात ओळ सोडून पुढे धावली आणि मध्ये भगदाड पडलं. गोखल्यांनी ते अचूक हेरून घोडदळ घातलं. पण इंग्रजी फळीच्या समोर दलदल होती. घोडी त्यात रुतली, अडखळली आणि तेवढ्या वेळात बरनं आपली माणसं पुन्हा ओळीत आणली. संध्याकाळी पुण्याच्या इतिहासाची दिशा ठरली होती.

या अर्थाची ‘लाइन’ मात्र मराठीत शिरली नाही, ही लक्षात घेण्यासारखी गोष्ट आहे. लढणाऱ्यांच्या ओळीला मराठीत ‘फळी’ हा भक्कम शब्द होता आणि आजही आहे. पक्षातल्या किंवा संस्थेतल्या मोठ्या माणसांच्या मागे तयार होणाऱ्यांना आपण ‘दुसरी फळी’ म्हणतो, फलंदाजीची ‘मधली फळी’ कोसळते. वर्तमानपत्रात हे शब्द रोज छापून येतात आणि त्यांचा उगम रणांगणात आहे याची आठवणही होत नाही. ‘बिनी’, ‘आघाडी’, ‘पिछाडी’ हे सगळे तिथलेच. पराभव झाला, राज्य गेलं, पण लढाईचे शब्द मराठीनं सोडले नाहीत.

शिरली ती लढाई संपल्यानंतरची लाइन. छावणीत शिपायांच्या राहण्याच्या झोपड्या, पुढे पक्क्या बराकी, पलटणीनिहाय ओळीनं बांधत. त्या वस्तीलाच इंग्रजीत ‘लाइन्स’ म्हणू लागले. ब्रिटनमधून हिंडून आलेल्याला विचारलं तर तिथे राहत्या घराला कुणी लाइन म्हणत नाही असंच तो सांगेल. हा फौजेतला, त्यातही हिंदुस्थानातल्या छावण्यांत रुजलेला अर्थ आहे. खडकीच्या छावणीनं तो गावाच्या तोंडात घातला, तसाच तो बेळगाव, अहमदनगर, देवळाली अशा प्रत्येक लष्करी गावानं घातला. शिपाई सुट्टीवर घरी जाऊन ‘आमच्या लाइनीत’ म्हणाला की शब्द खेड्यात पोचला.

तिथून त्याचे फाटे फुटले. पोलिसांच्या घरांची वसाहत ती ‘पोलीस लाइन’. पोलिसाचा मुलगा स्वतःला अभिमानानं ‘लाइन बॉय’ म्हणवतो, आणि ‘आम्ही लाइनीतली पोरं’ या शब्दांत एक अख्खं बालपण असतं. बापाच्या पाळ्या, बंदोबस्ताच्या रात्री, एकसारखी दोन खोल्यांची घरं, शेजारच्या घरी जेवायला बसायची मुभा, सगळं त्यात येतं. ‘वसाहत’ हा सरकारी शब्द आहे, पाटीवर तोच असतो. पण पाटी वाचून कुणाच्या मनात ते बालपण जागं होत नाही.

नागपुरात साहेबांचे बंगले होते त्या भागाला ‘सिव्हिल लाइन्स’ म्हणतात. बंगले एकमेकांपासून दूर, झाडीत लपलेले, ओळीचा मागमूस नाही. लाइनचा अर्थ तोवर ‘राहण्याची जागा’ एवढाच उरला होता. मुंबईच्या ‘मरीन लाइन्स’ची गंमत निराळी. समुद्रकाठानं वळत जाणाऱ्या रस्त्याला पाहून अनेकांना वाटतं की हे नाव त्या किनाऱ्याच्या रेषेचं असावं. ते आहे मरीन बटालियनच्या बराकींचं. कोल्हापुरात कसबा बावड्याकडे ‘लाइन बाजार’ आहे आणि धारवाडलाही आहे. धारवाडचा पेढा घेऊन येणारी मराठी माणसं कितीदा तरी ‘लाइन बाजारातनं आणलाय’ असं सांगतात. बाजार या फारसी आणि लाइन या इंग्रजी शब्दाची ही जोडी छावणीच्या बोलीतच जुळली.

फौजेनं घर दिलं, रेल्वेनं रस्ता दिला. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची खंडाळा ते पुणे गाडी 14 जून 1858 रोजी सुरू झाली. बोरघाटातला मार्ग तेव्हा तयार नव्हता, तो 1863 मध्ये खुला झाला. मधली पाच वर्षं मुंबईचा प्रवासी घाटाखाली उतरायचा, पालखीतून किंवा पायी घाट चढायचा आणि वर पुन्हा गाडीत बसायचा. घाटाखाली एक लाइन, घाटावर दुसरी आणि मध्ये लाइन नाही, असं ते चित्र होतं. रूळ म्हणजेच लाइन हा अर्थ इथे पक्का झाला. आजही स्टेशनवरच्या घोषणेत ‘रूळ ओलांडू नका’ असं सांगितलं जातं आणि ऐकणारी आई मुलाला ओरडते ती ‘अरे, लाइनीतनं जाऊ नकोस’ अशी.

रेल्वेच्या पोटात हा शब्द किती खोल गेला आहे ते पाहायला स्टेशनमास्तरच्या खोलीत डोकवावं लागतं. दुहेरी मार्गावरच्या जुन्या धाटणीच्या ब्लॉक यंत्राला तीन स्थिती असतात आणि तिन्हींत हा शब्द आहे: लाइन बंद, लाइन क्लिअर, गाडी लाइनवर. एरवी यंत्र ‘लाइन बंद’वर. एका स्टेशनाचा मास्तर पुढच्या स्टेशनाला घंटेच्या ठरलेल्या ठोक्यांनी विचारतो, गाडी पाठवू का? मधला मार्ग मोकळा असल्याची खात्री झाल्यावर पुढचा मास्तर यंत्राचा खटका फिरवून ‘लाइन क्लिअर’ देतो. गाडी त्या टप्प्यात शिरली की ‘गाडी लाइनवर’. ती पूर्ण बाहेर पडल्याशिवाय दुसरी आत येत नाही. एकेरी मार्गावर तर ड्रायव्हरच्या हातात धातूचा गोळा पडल्याखेरीज गाडी हलत नसे. वेताच्या मोठ्या कड्याला लावलेल्या पिशवीत तो गोळा असे, आणि धावत्या गाडीतून हात बाहेर काढून ड्रायव्हर किंवा फायरमन ते कडं झेलत असे. दोन स्टेशनांवरच्या दोन माणसांचा एकमेकांवरचा भरवसा त्या गोळ्यात होता आणि हजारो प्रवाशांचा जीव त्या भरवशावर होता.

‘लाइन क्लिअर आहे’ हे वाक्य आपण कामाच्या परवानगीबद्दल, लग्नाच्या होकाराबद्दल, साहेब खोलीत एकटे असल्याबद्दल सर्रास वापरतो. त्यात जी निश्चिंती आहे ती या यंत्राकडून आलेली आहे. ‘रस्ता मोकळा आहे’ म्हणताना आपण फक्त समोर पाहिलेलं असतं. ‘लाइन क्लिअर’ म्हणताना पलीकडच्या माणसानं होकार दिलेला असतो. हा अर्थाचा फरक मला मोलाचा वाटतो.

ड्रायव्हर आणि गार्ड यांची पत्र्याची जड पेटी असे, तिला ‘लाइन बॉक्स’ म्हणत. झेंडे, दिवा, फटाके, नियमांची पुस्तकं, सगळं तिच्यात. गाडी सुटण्याआधी ती डब्यात चढवायची आणि प्रवास संपला की उतरवायची, यासाठी वेगळी माणसं असत. आता ट्रॉली बॅग आल्या. मेन लाइन, लूप लाइन हे शब्दही तिथलेच. मोठ्या गाडीला वाट देण्यासाठी छोटी गाडी लूप लाइनला घेतात. कचेरीत बिनकामाच्या खुर्चीवर बदली झालेला अधिकारी ‘मला लूपला टाकलं’ म्हणतो तेव्हा त्याला नेमकं तेच म्हणायचं असतं: गाडी चालू स्थितीत आहे, पण सिग्नल मिळत नाही.

मुंबईत लाइन हा पत्ताच झाला. सेंट्रल, वेस्टर्न, हार्बर. ‘तुम्ही कुठल्या लाइनला?’ हा तिथला ओळख होतानाचा पहिला प्रश्न आणि त्याच्या उत्तरावर किती घरांचं येणंजाणं ठरतं. खडकीकर तसं बोलत नाही. पुणे-लोणावळा लोकल 1978 पासून धावते, पण ती एकच आहे, म्हणून तिला नुसतं ‘लोकल’ म्हटलं की भागतं. दुसरी असल्याशिवाय पहिलीला वेगळं नाव लागत नाही.

विजेच्या तारेला लाइन म्हणणं शहरापेक्षा खेड्यानं जास्त उचलून धरलं. पुण्यात ‘लाइट गेली’, मराठवाड्यात शेतावर ‘लाइन गेली’. शेतपंपाला तीन तारांतून वीज लागते. तीनपैकी एक गेली आणि लक्षात आलं नाही तर मोटार तापून जळते. म्हणून रात्री-अपरात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जाणारा शेतकरी आधी विचारतो, ‘तिन्ही लाइनी आहेत का?’ ‘डीपी जळाली’, ‘डीओ उडाला’, ‘लाइनवर आकडा टाकला’ ही सगळी त्याची रोजची भाषा. खांबावर चढणारा तो लाइनमन. वीज मंडळ 1960 मध्ये स्थापन झालं, 2005 मध्ये त्याच्या कंपन्या झाल्या, कागदोपत्री पदनामं बदलली. गावाला त्याचं सोयरसुतक नाही, गाव लाइनमनचीच वाट बघतं. पावसाळ्यात ओल्या खांबावर चढणाऱ्या या माणसांपैकी किती जण दरवर्षी जिवाला मुकतात याची बातमी आतल्या पानावर येते. ती पहिल्या पानावर यायला हवी.

शेतातली दुसरी लाइन पाण्याची. नदीवरून किंवा धरणावरून जमिनीखालून पाइप टाकून रान भिजवलं की ‘लाइन केली’. ती किती हजार फूट आहे यावर शेतकऱ्याची पत मोजली जाते, आणि ती फुटली की घरात जेवण गोड लागत नाही. ‘पाइपलाइन’मधला पाइप गळून नुसती लाइन उरली, कारण पाइप सगळ्यांना दिसतोच.

कारखान्याबद्दल थोडक्यात. खडकी, पिंपरी, आकुर्डी या पट्ट्यात ‘मी लाइनवर आहे’ म्हणजे असेंब्ली लाइनवर. ‘लाइन थांबली’ ही तिथली सगळ्यात मोठी आणीबाणी. एका जागी एक बोल्ट बसायचा राहिला तरी मागची सगळी माणसं हात बांधून उभी राहतात. हा अर्थ कारखान्याच्या फाटकाबाहेर फारसा आला नाही.

गवंड्याची दोरी मात्र जवळून पाहण्यासारखी आहे. घर बांधायला घेतलं की पहिलं काम ‘लाइन आऊट’. नकाशावरच्या भिंती जमिनीवर उतरवायच्या. कोपऱ्यांवर खुंट्या ठोकतात, त्यांना दोरी बांधून ताणतात, गुण्या लावून काटकोन तपासतात आणि दोरीच्या कडेनं पांढरी फक्की टाकत जातात. मग दोरी काढून घेतात. मालक आणि मालकीण त्या पांढऱ्या पट्ट्यांमध्ये उभे राहून ‘हे स्वयंपाकघर एवढंसंच?’ असं विचारतात, कारण मोकळ्या जमिनीवर कुठलीही खोली लहानच दिसते. पुढे विटांचा थर चढवताना गवंडी दोन टोकांच्या विटांना पुन्हा दोरी बांधतो. तिचं नाव ‘लाइनदोरी’. लाइन म्हणजेही दोरी आणि दोरी म्हणजेही दोरी. दोन भाषांतला एकच शब्द शेजारी शेजारी बसला आहे. तिच्या जोडीला असतो ओळंबा. तो बिनबोभाट मराठी राहिला, कारण इंग्लंडातून आलेल्या साहेबाकडे त्याहून वेगळं काही हत्यार नव्हतं.

एवढ्या लाइनी पाहिल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरते. रूळ, तार, पाइप, दोरी, बराक, माणसांची रांग: मराठीनं ‘लाइन’ म्हणून जे जे स्वीकारलं त्याला वस्तू म्हणून अंग आहे. ते हाताला लागतं, तुटतं, जोडता येतं. भूमितीत रेषेला लांबी असते, रुंदी नसते. तसली अंग नसलेली लाइन मराठीनं घेतली नाही. तिच्यासाठी ‘रेघ’ आणि ‘रेषा’ होत्या, आणि त्या जागच्या हलल्या नाहीत.

तपासून पाहा. सरकारनं गरिबीची मर्यादा ठरवली, ती दारिद्र्यरेषा. सीमेवरही तेच. 1948 च्या एप्रिलमध्ये, काश्मीरच्या लढाईत, खडकीच्याच बॉम्बे सॅपर्सच्या सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी जखमी असतानाही नौशेरा-राजौरी रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली आणि परमवीरचक्र मिळवलं. राजौरी आपल्याकडे राहिली. 1 जानेवारी 1949 पासून लढाई थांबली, युद्धबंदी रेषा आखली गेली, आणि 1972 च्या सिमला करारानंतर ती नियंत्रण रेषा झाली. मराठी वर्तमानपत्रानं तिला कधी ‘कंट्रोलची लाइन’ म्हटलं नाही. कबड्डीच्या मैदानावर मध्यरेषा, निदान रेषा, बोनस रेषा. पुरुषांच्या मैदानात निदान रेषा मध्यरेषेपासून 3.75 मीटरवर आणि बोनस रेषा तिच्यापलीकडे एक मीटरवर. तीही फक्कीनंच मारतात, गवंड्याच्याच फक्कीनं. पण खेळाडू तिला रेषाच म्हणतो, कारण ती ओलांडायची असते, धरायची नसते.

मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्यांच्या तोंडी अलीकडे पूररेषा आली आहे. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल अशा पुराचं पाणी जिथवर पोचेल ती निळी रेषा, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल. निळीच्या आत बांधकामाला मनाई, निळी आणि लाल यांच्या मध्ये निर्बंध. बांधकामवाले तिला ‘ब्लू लाइन’, ‘रेड लाइन’ म्हणतात आणि ज्यांच्या घरात पाणी शिरतं ते पूररेषा म्हणतात. नकाशावरची ही रेषा सरकवण्याचे प्रयत्न जिथे जिथे होतात, तिथे पाणी मात्र आपल्या जागेवरून हलत नाही.

शाळेच्या वहीतही रेघ टिकली. मराठी लिहायला दुरेघी, इंग्रजी लिहायला चाररेघी. इंग्रजी शाळांतली मुलं आता तिला ‘फोर लाइन’ म्हणतात आणि तिथे रेघ खरोखर मागे हटते आहे, हे मान्य केलं पाहिजे. कवितेची ओळ ओळच आहे, हातावरची रेषा रेषाच. रांगेचं मात्र चांगलं चाललेलं नाही. पूर्वी रॉकेलला आणि आजही मतदानाला, सगळीकडे ‘लाइनीत उभं राहा’ हेच ऐकू येतं. रांगेला अंग आहे, माणसांचं अंग आहे, म्हणूनच ती लाइनच्या तावडीत सापडली असावी.

व्याकरणानं तर या शब्दाला पुरतं घरचं करून टाकलं. ओळ, रांग, रेघ, रेषा, दोरी, तार, वाट या सगळ्या स्त्रीलिंगी, म्हणून लाइनही ती. अनेकवचन ‘लाइनी’, सप्तमीचं ‘लाइनीत’. गावाकडे उच्चार ‘लैन’. इंग्रजीचा ‘स’ लावलेलं अनेकवचन फक्त मरीन लाइन्स, सिव्हिल लाइन्स अशा पाट्यांवर गोठून राहिलं.

मग सुरू होतात ते अर्थ, ज्यांतले बरेचसे इंग्रजाला सांगूनही कळणार नाहीत. ‘पोरगं लाइनला लागलं’ म्हणजे शिकलं, नोकरी धरली, आई-बापांचा घोर मिटला. यामागे रुळांवर आलेली गाडी आहे. आपला जुना वाक्प्रचार ‘मार्गी लागणं’, त्याचाच हा नवा जोडीदार. ‘वाट लागली’ म्हणजे मात्र सत्यानाश. मार्ग, वाट, लाइन या तिन्हींचा अर्थ एकच, आणि ‘लागणं’ जोडल्यावर दोन सुखाचे आणि एक दुःखाचा. ‘कुठल्या लाइनमध्ये आहेस?’ म्हणजे धंदा काय. ‘सायन्सची लाइन’, ‘पिक्चरची लाइन’ या शब्दांत पुन्हा रेल्वे आहे: एकदा धरलेली लाइन सहज बदलता येत नाही, पुढच्या जंक्शनपर्यंत थांबावं लागतं. कॉलेजच्या कट्ट्यावर ‘लाइन मारणं’ आणि ‘लाइन देणं’ चालतं. हा अर्थ कुठून आला त्याचा छडा लावण्याची मला हौस नाही, पण तो मराठी-हिंदीच्या मातीतला आहे आणि इंग्रजीतून उचललेला नाही, हे उघड आहे.

‘डेडलाइन’ हा शब्द हल्ली कचेऱ्यांत ‘मुदत’ला हटवतो आहे. त्याचा जन्म अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या युद्धकैद्यांच्या तळावर झाला. तळाच्या कुंपणाच्या आत एक मर्यादा आखलेली असे, ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. ‘मुदत’ म्हटलं की वाढवून मागता येते, तिच्यात माणसाला जागा आहे. माझं मत विचाराल तर मी मुदतच वापरीन.

सध्या या शब्दाची सगळ्यात ताजी कसोटी खडकीच्याच डोक्यावरून चालली आहे. पिंपरी-चिंचवडहून स्वारगेटकडे जाणारी मेट्रो बोपोडी, खडकी, रेंज हिल्स असा रस्ता धरते. मेट्रोनं आणि वर्तमानपत्रांनी तिच्यासाठी ‘मार्गिका’ हा शब्द चालवला आहे. शब्द सुडौल आहे, अर्थाला चोख आहे, उच्चाराला अवघड नाही. पण नकाशावर मार्गिकांना रंगांची नावं आहेत आणि प्रवासी ‘पर्पल लाइन’, ‘अ‍ॅक्वा लाइन’ असंच म्हणतात. पुण्यात आता मुंबईसारखी दुसरी लाइन आली आणि हिंजवडी ते शिवाजीनगर अशी तिसरीही आखली गेली, तेव्हा ‘तू कुठल्या लाइनला?’ हा प्रश्न इथेही विचारला जाणार. मार्गिका टिकायची असेल तर ती आधी मेट्रोच्या डेपोत, रुळांवर रात्रपाळीला उतरणाऱ्या आणि नियंत्रण कक्षात बसणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी बसावी लागेल. फळी रणांगणात घासली गेली होती, निदान रेषा मैदानात, ओळंबा भिंतीपाशी. मार्गिका अजून घोषणेत आहे.